उधळपट्टीचा जाब विचाराच, पण हक्काचा हिस्साही मागा

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकावरच्या मागच्या लेखाला ‘एक करदाता, कोथरूड’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. मी लिहिलं होतं की राज्य आणि केंद्राकडून येणारा पैसा आटतो आहे, अटींत अडकतो आहे, आणि त्याची झळ पाण्याला आणि बसला बसते. त्यावर त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक असलेल्या शहराने पैशांचं रडगाणं गाऊ नये. आधी चांगले फुटपाथ उखडणं थांबवा, थकबाकी वसूल करा, मग सरकारपुढे हात पसरा. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, गेली ते उत्तमच झालं. आणि ‘अनुदान घटलं’ हे पालुपद लावणारे लोक शेवटी करवाढीची वाट मोकळी करून देतात, भुर्दंड मात्र वेळेवर कर भरणाऱ्याला. मग आम्ही करायचं तरी काय, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

प्रतिक्रिया कडक आहे, पण तळमळीने लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्याऐवजी सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या आकड्यापासूनच करू. १२,६१८ कोटी हे २०२५-२६ चं अंदाजपत्रक. २०२२-२३ मध्ये हाच आकडा ८,५९२ कोटी होता. तीन वर्षांत चार हजार कोटींची वाढ! शहराचं उत्पन्न खरंच या वेगाने वाढलं असतं तर आपण हा वाद घालत बसलो नसतो. तो अंदाज आहे, तिजोरीतली रक्कम नव्हे. खर्चाच्या बाजूला जास्त कामं बसवायची असली की जमेची बाजू फुगवावी लागते, आणि पुण्यात ही सवय जुनी आहे. वर्ष सरत आलं की जमा कमी पडते आणि सगळी गाडी वर्गीकरणावर येते, म्हणजे या कामाचे पैसे काढून त्या कामाला. पगार, पेन्शन, पंपिंगचं वीजबिल आणि पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, तूट यांना हात लावता येत नाही. मोठ्या पुलाचा ठेका दिलेला असतो, त्याचं दायित्व डोक्यावर असतं. मग कात्री कुठे लागते? नालेसफाईला, गळकी जलवाहिनी बदलण्याला, शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीला. ज्या कामाचं उद्घाटन होत नाही त्या कामाला.

आता जमेची बाजू बघा. मोठे स्रोत तीन: जीएसटीपोटी राज्याकडून येणारी भरपाई, मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं विकासशुल्क. यातलं विकासशुल्क बांधकामाच्या बाजारावर आणि राज्याच्या एफएसआयच्या (जागेवर किती बांधकाम करता येतं त्याच्या) नियमांवर चालतं. मंदी आली की पहिली घसरण तिथेच. मिळकतकर तरी पालिकेच्या हातात आहे असं वाटतं, पण त्याचंही तसं नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत १९७० पासूनची. ती काढायला राज्य सरकारनेच लावली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरूही राज्य सरकारनेच केली. लोकांनी जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती करून द्यायची वेळ पालिकेवर आली. सवलत राहावी असं माझंही मत आहे. पण निर्णय मुंबईत होणार, श्रेय तिथल्यांना आणि खड्डा इथल्या तिजोरीत, हे कसं चालेल?

जकातीबद्दल तुमच्याशी माझं भांडणच नाही. नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या आणि चिरीमिरी चालायची, हे सगळ्या पुण्याने पाहिलं आहे. ते नाके कुणालाच परत नकोत. माझा मुद्दा नाक्याचा नाही, पुढे काय झालं त्याचा आहे. १ एप्रिल २०१३ ला जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, म्हणजे बहुतेकांचा गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उरलेलाही संपला. बदल्यात राज्याच्या कायद्याने भरपाई ठरली, दरवर्षी ८ टक्के वाढीच्या सूत्राने. रक्कम येते, नाकारत नाही. पण शहर सूत्राने वाढत नाही. जकात शहराच्या व्यापाराबरोबर वाढायची, भरपाई कागदावरच्या टक्क्याने वाढते. चार वर्षांत पालिकेच्या हातून तिचं सगळ्यात मोठं उत्पन्न गेलं आणि त्या जागी दर महिन्याला मंत्रालयाकडे डोळे लावून बसणं आलं. माझ्या लेखी सगळ्यात मोठी कपात हीच, आणि ती एका वर्षाची नाही, कायमची आहे.

आणि याच काळात शहर केवढं झालं! ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ च्या मध्याला २३. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी वगळली, तरी ३२ उरलीच. गावं घ्यायचा निर्णय राज्याचा. तिथले रस्ते, ड्रेनेज, पाणी, कचरा, दिवे हे सगळं पालिकेचं. पण २०२१ मध्ये त्याच २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. म्हणजे नव्या इमारतीला परवानगी देणार एक संस्था आणि त्या इमारतीचं सांडपाणी उचलणार दुसरी. गावांसाठी लागणारा पैसा वेगळा द्या, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

ही हिशेबाची बाब कोरडी वाटत असेल तर २०२५ चा जानेवारी आठवा. सिंहगड रस्त्याच्या टोकाला नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला या भागात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. हातापायांतली ताकद जाते, श्वास घेता येत नाही म्हणून व्हेंटिलेटर लागतो, आयसीयूची बिलं लाखांत जातात. तपासाची सुई पाण्याकडे वळली. नांदेडगावची ती विहीर तेव्हा सगळ्यांनी बातम्यांत पाहिली. तिच्यातलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसतं क्लोरीन टाकून घरोघर जात होतं. धरण उशाला, महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झालेली, आणि पाणी विहिरीचं. जलशुद्धीकरण केंद्र वेळेवर का झालं नाही, याचं उत्तर तुम्ही ‘पालिकेचा गलथानपणा’ असं द्याल. बरोबर आहे. मी त्यात एवढीच भर घालतो की गावं देणाऱ्याने पैसे दिले नाहीत, हेही त्याच उत्तराचं अर्धं अंग आहे. एकच अर्धं धरून बसलो तर उरलेले सुटतात.

गलथानपणाचं उदाहरण हवंच असेल तर तुमच्या बाजूने मीच देतो. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून आलेला प्रकल्प. मुळा-मुठेत जाणारं मैलापाणी शुद्ध करायला ११ केंद्रं, मंजूर खर्च ९९०.२६ कोटी, त्यातले ८४१.७२ कोटी केंद्राचे. एवढं अनुदान पदरात पडलेलं असताना निविदांच्या घोळात वर्षं गेली आणि खर्च १,४०० कोटींच्या वर गेला. वाढलेला भार पालिकेच्या माथी आला. इथे दिल्लीला बोल लावता येणार नाही. तसंच मार्चचं. निधी ‘लॅप्स’ होऊ नये म्हणून धडधाकट ब्लॉक उखडले जातात, हे कोथरूडमध्ये तुम्ही बघता तसं इकडे आम्हीही बघतो, आणि चीड येते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लावून आकडा फुगवायचा, वाद कोर्टात वर्षानुवर्षं पडू द्यायचा, आणि मग अभय योजना आणून त्याच शास्तीवर सूट द्यायची. मे महिन्यात रांगेत उभं राहून पैसे भरणाऱ्याचा हा अपमान आहे. याबाबतीत तुमचा शब्द न् शब्द मला मान्य आहे.

पण ‘आधी उधळपट्टी थांबवा, मग हक्काचं मागा’ हा क्रम मला मान्य नाही. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ची निवडणूक, जवळपास चार वर्षं सभागृह रिकामं होतं. आयुक्त अंदाजपत्रक तयार करायचे आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करायचे. स्थायी समितीत कुणी उलटतपासणी करायचं नाही, मुख्य सभेत कुणी राजदंड पळवायचं नाही. निवडणूक लांबवली ती काही पुणेकरांनी नव्हे. पैशाची दोरी वर आणि जाब विचारणारं कुणी खाली नाही, अशा अवस्थेत उधळपट्टी कमी होत नसते.

हात पसरण्याबद्दलही एक बोलतो. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. शहरांना कामं कोणती द्यावीत याची १८ विषयांची यादी तिने घटनेत घातली, आणि पैशाची वाटणी ठरवायला दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचं बंधन राज्यावर घातलं. जीएसटी आणि प्राप्तिकर पुणेकर भरतातच. त्यातला वाटा मागणं ही भीक कशी?

राहिला करवाढीचा मुद्दा. गेली काही वर्षं अंदाजपत्रक आलं की ‘मिळकतकरात वाढ नाही’ असा मथळा ठरलेला. २०२५ मध्येही तो आला. आणि त्याच वर्षी १ जूनपासून पीएमपीचं किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं, मासिक पास ९०० वरून १,५०० झाला. पीएमपीच्या तुटीत आपल्या पालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. हा वाटा वाढवायला पैसा नाही म्हटल्यावर भार गेला पासवाल्यांवर. धनकवडीहून डेक्कनला चार घरची कामं करायला येणाऱ्या बाईला महिन्याला ६०० रुपये जास्त म्हणजे एका घरच्या कामाच्या पैशातला मोठा भाग. तिच्या नावावर मिळकत नाही, म्हणून तिच्यावर पडलेल्या वाढीला कुणी करवाढ म्हणत नाही. बंगल्याचं बिल तेवढंच राहिलं आणि बसचा पास दीडपटीच्याही वर गेला, हे मला अन्यायाचं वाटतं. दर वाढवण्याआधी नोंदच नसलेल्या मिळकती शोधा, वापर बदललेल्या शोधा, हे तुमचं म्हणणं योग्यच. पण त्यानंतरही कमी पडलं तर मोठ्या मिळकतींवर थोडी वाढ मी स्वीकारेन, तिकीटवाढ स्वीकारणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. अंदाजपत्रकाचं पुस्तक पालिकेच्या संकेतस्थळावर मिळतं. जाड आहे, सगळं वाचू नका. समाविष्ट गावांच्या पाणीपुरवठ्याचं पान काढा. तिथे गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवून बघा. तसंच आपल्या प्रभागाच्या रस्ते-पदपथांच्या पानाचं. मग आता निवडून आलेल्या आपल्या नगरसेवकांना लेखी विचारा, पहिल्या पानावरचे पैसे वर्गीकरणात कुठे गेले. आणि तेच पत्र आपल्या आमदारांनाही पाठवा, वर एक प्रश्न जास्त घालून: गावं दिलीत, त्यांच्यासाठी विधिमंडळात किती निधी मागितलात? उत्तर आलं तर ते इथे प्रतिक्रियेत जरूर टाका. मीही माझ्या प्रभागासाठी हीच दोन पत्रं पाठवतो आहे.