काकांचे बेसिन आणि माझा म्यूट

काल संध्याकाळी माझ्या म्यूटने खालच्या मजल्यावरच्या काकांचे तुंबलेले बेसिन मोकळे केले. या सत्कार्याबद्दल मला धन्यता वाटावी अशी काकांची अपेक्षा आहे. मला अजून तरी ती वाटलेली नाही.

ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडात खोचून किंवा तोंडासमोर धरून आवाजाचा पोत बदलणारे साधन म्हणजे म्यूट. ते घरी बनवायचा मला नाद आहे, आणि या नादात सर्वांत सोपा म्यूट म्हणजे बेसिनचा चोक काढायचा रबरी पंप. त्याचा दांडा पिळून काढायचा, उरलेली रबरी वाटी डाव्या हातात धरायची आणि वाजवताना ती ट्रम्पेटच्या तोंडावर झाकत-उघडत राहायची, की ट्रम्पेट ‘वा-वा’ करीत माणसासारखा कुरकुरू लागतो. ट्रम्पेटचे तोंड जेमतेम १२ सेंटिमीटर रुंद असल्यामुळे त्याला बेसिनचा लहान पंप बरोबर बसतो. ट्रॉम्बोन या मोठ्या तोंडाच्या पितळी वाद्याच्या वादकांना मात्र संडासाच्या मोठ्या पंपाकडे वळावे लागते, आणि या एका कारणासाठी मी ट्रॉम्बोनच्या वाटेला गेलो नाही. हा काही माझ्या डोक्यातून निघालेला चक्रमपणा नव्हे. १९२० च्या दशकात ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक बबर मायली याच रबरी वाटीने ट्रम्पेटला गुरगुरायला लावत असे, आणि त्याआधी किंग ऑलिव्हर या जॅझवादकाने पेले, बाटल्या, टोप्या असे हाताला लागेल ते कॉर्नेट या ट्रम्पेटच्या भावंडापुढे धरून पाहिले होते.

तर अशी ती कोरी करकरीत वाटी हातात आणि ट्रम्पेटची पेटी खांद्याला, असा मी तालमीला निघालो असताना जिन्यात काकांनी गाठले.

“पंप आहे का तुमच्याकडे?”

“पंप नाही काका, म्यूट आहे.”

“पंपच की हा!”

“होता. आता ट्रम्पेटसाठी आहे.”

काकांनी पेटीकडे सहानुभूतीने पाहिले. “ट्रम्पेट तुंबला का?”

“तुंबला नाही. आवाज बदलायला लागतो.”

“मग दांडा कुठे गेला?”

“काढून टाकला.”

“चांगल्या पंपाचा दांडा काढलात?” काकांच्या स्वरात माझ्या एकंदर संगोपनाविषयी शंका होती. “आता धरणार कसा?”

मी वाटी तळहातात धरून दाखवली. खरे तर एवढ्यावर निघून जायला हवे होते, पण कोणी विचारले की समजावून सांगायची मला खोड आहे. वाटी पूर्ण झाकली तर सूर गुदमरतो, अर्धवट झाकली तर नाकात येतो, मनगट किती सैल ठेवायचे त्यावर सगळी मजा असते, असे बरेच काही मी जिन्याच्या कठड्याला टेकून सांगितले. काकांनी मान डोलावत सगळे ऐकले, वाटी माझ्या हातून काढून घेतली, अंगठ्याने दाबून रबराचा कस पाहिला आणि “दोन मिनिटांत देतो” म्हणून घरात गेले. त्यानंतर दाराआडून जे आवाज आले, त्यांत मनगट सैल असल्याचे कोणतेही लक्षण नव्हते.

वाटी परत आली ती ओली, काठाला साबणाचा फेस आणि कोणाचा तरी लांब केस चिकटलेली. “मस्त ओढतो हो! दांडा लावून घ्या, अजून चांगला चालेल.”

तालमीला मी त्या दिवशी म्यूटशिवाय बसलो. ज्या वस्तूतून आलेली हवा आपल्याच तोंडावर परतते, ती वस्तू कुठे बुडून आली आहे हे ठाऊक असल्यावर कला बाजूला राहते.

राग वाटीचा नाही, वाटी दुसरी आणता येईल. राग याचा आहे की म्यूटच्या मागे मी लागलो तो याच काकांमुळे. “आवाज जरा कमी करा” हे त्यांनीच बजावले होते. स्वतः भर दुपारी भिंतीत ड्रिल घालताना ते अशी भीड बाळगत नाहीत, आणि ड्रिलला म्यूट अद्याप कोणी शोधलेला नाही. त्यांच्यासाठी मी आधी जाड पुठ्ठ्याचा शंकू वळला, रुंद टोक बंद केले, निमुळत्या बाजूला बुचाच्या तीन पट्ट्या उभ्या चिकटवल्या आणि शंकू नेमका अडकेपर्यंत पॉलिश पेपरने घासत बसलो. पट्ट्यांमधल्या फटींतून हवा सुटते, म्हणून वाजते. पण खालचे गोलसर स्वर आतच अडकतात आणि बाहेर येतो तो टोकदार, किनरा आवाज. शिवाय सूर चढतो, म्हणून ट्रम्पेटची सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढून तो उतरवावा लागतो. हे दुखणे जुनेच आहे: १६०७ च्या ‘ऑर्फिओ’ या ऑपेराच्या सुरुवातीलाच मोंतेवेर्दी या इटालियन संगीतकाराने बजावून ठेवले आहे की ट्रम्पेटना म्यूट लावले तर सूर एका स्वराने चढतो. पुढे पट्ट्यांऐवजी मी सगळीकडून बूच लावून हवेला एक बारीकसे भोक तेवढे ठेवले. आवाज खरोखरच खोलीबाहेर जाईनासा झाला, फुंकताना डोळे मात्र बाहेर येऊ लागले, आणि खालचे सूर लागता लागेनात.

आज सकाळी मी तोच म्यूट लावून, दारे-खिडक्या बंद करून, गालांच्या शिरा ताणून सराव करीत होतो. बेल वाजली. दारात काका.

“कालपासून काही ऐकू येत नाही, म्हणून विचारायला आलो,” ते म्हणाले. “बरे आहात ना? आणि तो पंप जरा पुन्हा द्या, या वेळी बाथरूम तुंबलंय.”