वरण बंद केल्याने मेंदूतलं प्रोटीन कमी होत नाही

गेल्या महिन्यात रामबागेत एका काकांना भेटायला गेले होते. सहा वर्षांपासून त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. पुढ्यात दुपारचं ताट होतं: भात, तूप, दुधीची भाजी. वरण नाही, दही नाही. मनगट इतकं बारीक झालंय की घड्याळ कोपराकडे घसरत होतं. काकूंना विचारलं, तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत सध्या फिरतोय तोच मेसेज: कंपवातात मेंदूत प्रोटीन साठतं, म्हणून डाळ, दूध, पनीर बंद करा, नाहीतर पाच वर्षांत स्मृतिभ्रंश ठरलेला, विसर पडू लागला तर तो गोळ्यांचा परिणाम, गोळ्या सोडा, आणि काढा घ्या, साठलेलं धुऊन निघतं.

माझ्या बाबांची अकरा वर्षं या आजारात गेली, शेवटची तीन भासांमध्ये. म्हणून हे लिहितेय.

मेंदूत प्रोटीन साठतं, एवढं खरं आहे. पण ते डाळीतलं नव्हे. त्याचं नाव अल्फा-सिन्युक्लिन. आपल्याच पेशी ते आपल्याच जनुकावरून बनवतात आणि निरोगी मेंदूतही ते असतंच. कंपवातात त्याची घडी बिघडते, गुठळ्या होतात. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये या गुठळ्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना लेवी बॉडी म्हणतात. त्या मुख्यतः याच प्रोटीनच्या असतात हे १९९७ मध्ये कळलं. खाल्लेल्या वरणाचं पोटात अमिनो आम्लांत विघटन होतं, ते जसंच्या तसं डोक्यात जाऊन बसत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबात या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. त्या घरात कंपवात कमी वयात यायचा आणि सोबत स्मृतिभ्रंशही. जादा प्रोटीन आलं ते जनुकातून, स्वयंपाकघरातून नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं, एका खऱ्या सूचनेतून. लेव्होडोपा ही कंपवाताची मुख्य गोळी स्वतःच अमिनो आम्लाच्या जातीची आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना ती जेवणातल्या अमिनो आम्लांबरोबर एकाच दारात उभी असते. भरपेट वरण-पनीरवर गोळी घेतली तर असर उशिरा येतो, कधी येतच नाही. म्हणून गोळी साधारण अर्धा ते एक तास आधी घ्यायची, मग जेवायचं. काहींना डॉक्टर दिवसा प्रोटीन कमी आणि रात्रीच्या जेवणात जास्त घ्यायला सांगतात. वेळ बदलते, दिवसभराचं प्रोटीन तेवढंच राहतं. या आजारात वजन आणि स्नायू आधीच झडतात. अशा माणसाचं वरण काढून घेणं म्हणजे त्याला पडायला लावणं आहे.

"पाच वर्षांत ठरलेलं" हेही चूक. सिडनीतल्या दीर्घ पाहणीत २० वर्षं जगलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश होता, हा आकडा भीतिदायक आहे खरा. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन गटांच्या अभ्यासात १० वर्षांच्या टप्प्यावर तो एकात ९ आणि दुसऱ्यात २७ टक्क्यांच्या आसपास निघाला. गुठळ्या मेंदूच्या खोडापासून वरच्या थरांकडे सरकतात तसतसा विचार मंदावतो. अनेकांत अल्झायमरमध्ये साठणारी अमिलॉइड आणि टाऊ ही प्रोटीनंही त्यात भर घालतात. वय वाढलेलं असलं, भास सुरू झाले असले तर धोका जास्त.

गोळ्या सोडा, हा तर त्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. लेव्होडोपा एकदम थांबवली तर तीव्र ताप, लाकडासारखं ताठलेलं अंग, बेशुद्धी, इथपर्यंत जातं. जीवही जाऊ शकतो. मात्र ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी, कंपासाठी दिली जाणारी काही औषधं म्हाताऱ्या माणसाची स्मृती खरंच गढूळ करतात. ती बदलायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील, ग्रुप नाही.

आणि काढा? थेट या प्रोटीनवर नेम धरणाऱ्या प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब या अँटिबॉडीसुद्धा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मुख्य कसोटीवर उतरल्या नाहीत. काढ्यात खाजकुयली असेल तर तिच्यात लेव्होडोपाच असतं, म्हणजे नकळत डोस वाढतो.

घरात कुणाला नसलेली माणसं दिसू लागली, ओळखीच्या खोलीत वाट चुकू लागली, तर लगेच सांगा. बाबांच्या वेळी आम्ही "म्हातारपण आहे" म्हणत आठ महिने घालवले. रिव्हास्टिग्मिनने काहींची स्मृती आणि लक्ष थोडं सावरतं. हॅलोपेरिडॉलसारखी भासांवरची औषधं मात्र कंपवातात अंग आणखी ताठरवतात. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि काढ्याची बाटलीही पिशवीत घालून न्या.