श्वासपटलाची हरकत

शाळेत आम्ही ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायूंची यादी पाठ केली होती. हात-पाय आपल्या हुकमातले, हृदय-जठर स्वतःच्या मर्जीचे. छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवं पसरलेलं श्वासपटल मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवून असतं. ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की निमूट ऐकतं, आपण झोपलो की न सांगता रात्रभर राबतं, आणि पुतणीच्या लग्नाच्या याद्या करायला पाहुणे येऊन बसले की आपलं स्वतंत्र मत मांडतं.

नाशकात रविवारी सकाळी मिसळ न खाता शुभकार्याला लागणं अशुभ समजतात. मी तर्री दोनदा मागून घेतली होती आणि वर लिंबूसोडा. जठर तट्ट फुगलं होतं, त्यात तिखट, त्यात सोड्याचा वायू. तिथून तक्रार निघाली ती व्हेगस नावाच्या मज्जातंतूने मेंदूकडे. हा मज्जातंतू म्हणजे लाल एसटी. मेंदूच्या बुडापासून निघते ती घसा, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असे सगळे थांबे घेत जाते. मेंदूने तक्रार वाचली आणि उत्तर धाडलं भलत्याच खात्याला. मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक मज्जातंतूवरून थेट श्वासपटलाला हुकूम गेला. ते दचकून आकसलं, हवा आत घुसली आणि सेकंदाचा विसावा भागही झाला नसेल, तोच स्वरयंत्राचं दार धाडकन मिटलं.

नेमकं त्याच वेळी मुलाचे वडील म्हणाले, “आमच्याकडून सातशे पान होईल.”

“उक्!”

खोलीत शांतता. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. “म्हणजे... सहाशेतही बसवता येईल.”

“उक्!”

“पाचशे,” ते म्हणाले. “गावाकडच्यांचं नंतर वेगळं करू.”

मला आत नेण्यात आलं. स्वयंपाकघरात आत्या तयारच होती. तिच्या मते हे कोणीतरी आठवण काढल्याचं लक्षण, नाव बरोबर निघालं की उचकी बंद. तिने घराण्यातली नावं क्रमाने घ्यायला सुरुवात केली. “अगं, हे तर वारले ना?” मी म्हटलं. “मग? त्यांना वेळच वेळ,” आत्या म्हणाली आणि पुढच्या पिढीकडे वळली.

बायकोने चमचाभर साखर घशात ओतली. हा उपाय 1971 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला होता. खरखरीत दाण्यांनी घशातले मज्जातंतू गडबडतात आणि उचकीची लय मोडते, असा अंदाज आहे. माझी मोडली नाही. मग धाकट्या भावाने नाक दाबून श्वास धरायला लावला. याला निदान अर्थ आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूला श्वासाची चिंता लागते आणि उचकीसारखे थेर मागे पडतात. पण त्याला नाक किती वेळ दाबायचं याचा अंदाज नव्हता. माझे डोळे बाहेर यायला लागले तेव्हा त्याने सोडलं.

शेजारच्या काकांनी मागून येऊन कानात ओरडून सांगितलं, “हॉलवाल्याने तारीख दुसऱ्याला दिली!” मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी तत्काळ अॅड्रिनॅलिन सोडलं. हृदय धडधडलं, यकृताने साखर रक्तात लोटली, बाहुल्या विस्फारल्या, तळहात घामाने भिजले. म्हणजे आतापर्यंत शांत बसलेली खातीसुद्धा कामाला लागली. उचकी होती तशीच.

बाहेरून आवाज आला, “दागिन्यांचं म्हणाल तर...”

“उक्!”

“...तुमच्या सोयीने हो, आमचा आग्रह नाही.”

शेवटी मुलाचे मामा आत आले. ते डॉक्टर. त्यांनी आधी धीर दिला. पोटातलं बाळसुद्धा उचक्या देतं. दोन दिवसांहून जास्त टिकली तरच दवाखाना गाठायचा. मग त्यांनी अमेरिकेतल्या चार्ल्स ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली. 1922 साली एक डुक्कर उचलताना त्याला उचकी लागली आणि ती थांबली 1990 मध्ये. या काळात माणसाने दोन लग्नं केली, मुलं झाली. आता हा धीर कसा म्हणायचा?

“पण हमखास उपाय आहे एक,” मामा बाही सावरत म्हणाले. “1988 साली फेस्मायर नावाच्या डॉक्टरांनी तीन दिवसांची उचकी बंद केली. हातमोजा चढवायचा आणि रुग्णाच्या गुदद्वारातून बोटाने मसाज. व्हेगसला खालच्या बाजूने चेतवायचं, इतकंच. 2006 मध्ये त्यांना इग नोबेलही मिळालं, ते आधी हसवणाऱ्या संशोधनाला देतात ना, ते.” आणि त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, “वहिनी, घरात हातमोजे आहेत?”

भांडी घासायचे आहेत, असं ती म्हणाली.

जठर, व्हेगस, मेंदू, फ्रेनिक, श्वासपटल, स्वरयंत्र, सगळ्यांनी एका क्षणात एकमत केलं. मी वाट पाहिली. काही नाही. साधा ढेकरसुद्धा नाही. आत्या म्हणाली, “बघ, मी नुकतंच नाशिकरोडच्या मावशीचं नाव घेतलं होतं.”

मी विजयी मुद्रेने बाहेर येऊन बसलो. मोठी वहिनी चहाचा ट्रे घेऊन माझ्याजवळ वाकली आणि दात-ओठ खाऊन कुजबुजली, “एवढ्यात थांबवलीत? अजून मानपानाचं व्हायचंय!”