सॉकेट, डायोड आणि मीठ: हा प्रयोग करू नका

‘इलेक्ट्रोलिसिससाठी ॲडजस्टेबल पॉवर सप्लायवर पैसे घालवू नका. सॉकेटच्या वायरला एक डायोड जोडा, पाण्यात मीठ टाका, स्टीलचे दोन चमचे बुडवा. व्होल्टेज जेवढं जास्त, तेवढा गॅस जास्त.’ इलेक्ट्रोलिसिस म्हणजे पाण्यातून वीज सोडून त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करणं; ॲडजस्टेबल सप्लाय म्हणजे व्होल्टेज आणि करंट हवा तेवढाच ठेवता येणारा. हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, डायोड कोणता घेऊ?’ आता गप्प बसवत नाही.

आधी डायोड. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, एवढंच. व्होल्टेज कमी करत नाही. घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनचं व्होल्टेज सतत वर-खाली होतं, त्याचं शिखर 325 व्होल्टच्या घरात जातं आणि ते जसंच्या तसं पाण्यात उतरतं. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे आउटपुट लाइनपासून वेगळं राहतं. इथे मध्ये काहीच नाही. चमचे आणि ते खारं पाणी, सगळ्यात लाइन आलेली. वाकडा झालेला चमचा सरळ करायला हात घातलात, की करंट तुमच्यातून जमिनीत. मेसेजमध्ये पुढे आहे, ‘सिरीजमध्ये बल्ब लावला की सेफ.’ साफ खोटं! 60 वॉटचा बल्बसुद्धा पाव ॲम्पिअर जाऊ देतो. माणूस मरायला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो.

‘व्होल्टेज जास्त, गॅस जास्त’ याचा निकाल शास्त्रज्ञ मायकल फॅरडेने 1834 मध्येच लावलाय. किती गॅस निघणार हे करंट आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. एक ॲम्पिअर तासभर सोडला तर साधारण 450 मिलिलिटर हायड्रोजन मिळतो, ऑक्सिजन त्याच्या निम्मा. पाणी फुटायला किमान 1.23 व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात दोन-अडीच. त्यावरचं बहुतेक सगळं व्होल्टेज पाणी तापवण्यात जातं. तापलं की द्रावणाचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज तेच असलं तरी करंट आपोआप चढत जातो. म्हणून तर ॲडजस्टेबल सप्लायवरचा करंटचा नॉब हवा. तो शून्यावर ठेवायचा, व्होल्टेज थोडं वर घ्यायचं, दोन्ही क्लिपा एकमेकींना टेकवायच्या आणि हळूहळू एक ॲम्पिअरवर आणायचं. ‘सीसी’चा, म्हणजे करंट ठरल्या मर्यादेत धरल्याचा, दिवा लागला की सप्लाय बंद करून क्लिपा इलेक्ट्रोडना, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या धातूच्या तुकड्यांना लावायच्या. पुन्हा चालू केला की करंट सप्लायच सांभाळतो.

मिठाने प्लसच्या बाजूला क्लोरीन सुटतो. स्टीलचा चमचा प्लसला लावला तर त्यातलं क्रोमियम विरघळून विषारी हेक्साव्हॅलंट रूपात पाण्यात येऊ शकतं. इलेक्ट्रोलिसिसने लोखंडावरचा गंजही निघतो; तो काढायचा असेल तर धुण्याचा सोडा आणि प्लसला साधं लोखंड घ्या. खिडकी उघडी ठेवा, हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगी पुरते.

एक मान्य करतो. सप्लायऐवजी जुना बॅटरी चार्जर वापरूनही गंज निघतो, मीही काढलाय. पण करंट जुळवायला प्लेटा पुढे-मागे सरकवत बसावं लागतं आणि बरेच नवे चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत.

भाच्याला कळवलंय, रविवारी माझा सप्लाय घेऊन येतो. तोवर सॉकेटला हात लावायचा नाही.