भाव न लिहिणं म्हणजे फसवणूक? 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

माझी जुनी डिझेल बुलेट, म्हणजे रॉयल एनफिल्डची डिझेलवर चालणारी मोटारसायकल, विकल्याचा किस्सा मी इथं लिहिला, त्याखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तिथंच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साहेबांचं म्हणणं असं, की १९९६ ची, साडेसहा हॉर्सपॉवरची गाडी एक लाख चाळीस हजाराला विकणं हा निव्वळ लोभ आहे. मोहोळच्या दूधवाल्याला मी पंच्याण्णव हजार सांगितले आणि हैदराबादच्या माणसाला दीड लाख, म्हणजे तोंड बघून भाव लावला. फोटो धड नव्हते. डीलरकडे दिली असती तर एवढं नाटक झालंच नसतं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "जाहिरातीत किंमत न लिहिता 'भाव फोनवर' लिहिणारा माणूस पहिल्या पायरीलाच फसवत असतो, आणि तुमच्या भागात हे चालतं हे माहीत होतंच."

आधी फोटोंचं. मान्य. दिवस कलल्यावर काढले, टाकीवरची खरचट दिसत नव्हती आणि चेसिस नंबरचा फोटो टाकायला हवा होता. झालं समाधान? पुढं जाऊ.

'तुमच्या भागात' म्हणजे नेमकं कुठं हो? तुम्ही स्वतः कुठं राहता ते लिहिलेलं नाही, नावही नाही, फक्त स्पष्टवक्तेपणा आहे. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत घासाघीस चालते आणि चारही भाषांत माणसं दिलेला शब्द पाळतात. चादरी न्यायला येता तेव्हा हाच भाग तुम्हाला साधाभोळा वाटतो. टीका जरूर करा, पण माझ्या गाडीवर करा, गावावर कशाला? मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा असेन की लहान हे मला माहीत नाही, तरी 'आपण' म्हणूनच बोलायचं ठरवून बसलो होतो. तेवढं जमेलसं दिसत नाही.

आता फसवणूक. या गाडीच्या धंद्यात फसवणूक कशाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे का? डिझेल बुलेटचं इंजिन उतरवून त्याच फ्रेममध्ये पेट्रोलचं साडेतीनशेचं इंजिन बसवायचं, आरसी बुकात इंधन 'डिझेल' तसंच ठेवायचं आणि 'पेपर क्लिअर' म्हणून विकून मोकळं व्हायचं. घेणारा दोन वर्षं खुशीत फिरवतो आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला गेला की आरटीओच्या खिडकीवर कळतं, इंजिन नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करताच येत नाही. याला फसवणूक म्हणतात. माझ्या गाडीला तिचंच ग्रीव्हज-लोम्बार्डिनी ३२५ सीसीचं इंजिन होतं, नंबर बुकाशी जुळत होता, आणि दुसऱ्या गिअरमध्ये एका ठराविक वेगाला जो आवाज येतो तोसुद्धा मी फोनवर आधी सांगत होतो. मी सांगितलं नव्हतं ते एकच, जाहिरातीतली किंमत. ती न सांगण्याला कारण होतं.

जुनी स्प्लेंडर विकायची असेल तर भाव कुणीही सांगेल. वर्ष, किलोमीटर, टायर बघितले की चौकातला मेकॅनिक हजार-दोन हजाराच्या फरकानं आकडा देतो, कारण तशा गाड्या रोज विकल्या जातात. डिझेल बुलेटचं तसं नाही. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली. वापरलेल्या गाड्यांच्या साइटवर भाव काढायला गेलात तर मॉडेलच्या यादीत तिचं नावच नसतं. मग लोक काय करतात? पंजाबात कुणीतरी तीन लाख मागितलेत ती जाहिरात पुढं करतात. अहो, ते मागितलेत, मिळालेले नाहीत. ती जाहिरात महिनोन्‌महिने तिथंच आहे, यावरूनच कळत नाही का? मागणीचा आकडा आणि सौद्याचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सौद्याचा आकडा कुणी लिहून ठेवत नाही.

अशा गाडीला मी कुठला आकडा लिहायचा? एक चाळीस लिहिला तर दूधवाला फोनच करत नाही. पंच्याण्णव लिहिला तर तासाभरात जुन्या गाड्यांच्या दलालांचे फोन, 'लास्ट किती बोला', आणि त्यातले निम्मे फक्त आरसी बुकासाठी किंवा फ्रेमसाठी. मला ती गाडी चिरफाड करणाऱ्याला द्यायची नव्हती. फोनवर माणूस दोन वाक्यं बोलला की कळतं. 'पिकअप कसाय' विचारणारा पोरगा असेल तर मी आधीच सांगतो, बाबा, १९६ किलोची गाडी आहे, साठ-पासष्टच्या पुढं जात नाही, तुझ्या कामाची नाही. 'नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा भाग) कधी केला' असं विचारणारा असला की मी खुर्ची ओढून बसतो.

आमच्या वडिलांचं सोलापुरात विजापूर वेशीत स्पेअर पार्टचं दुकान होतं. मी शाळेत असल्यापासून संध्याकाळी काउंटरवर. नव्या मालाला छापील किंमत, तिथं वडील एक रुपया इकडं-तिकडं करत नसत. पण मागच्या फळीवर जुना माल असायचा, काढलेले क्रँक, गिअरबॉक्सच्या चकत्या, मॅग्नेटो. त्यावर कधीच चिठ्ठी नव्हती. गिऱ्हाईकानं बोट दाखवलं की वडिलांचा पहिला प्रश्न, 'कुठल्या गाडीला?' तोच क्रँक एकाची बंद पडलेली गाडी चालू करणार, दुसऱ्याच्या घरात नुसता पडून राहणार. एकाला तो सोन्याचा, दुसऱ्याला भंगाराचा. आता कधीकधी गिऱ्हाईकाच्या पायातल्या चपला बघूनही भाव ठरायचा हे मी नाकारत नाही. पण चाळीस वर्षं ते दुकान चाललं, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा येत राहिली. फसवलं असतं तर आली असती का?

आणि भाव न लिहिता सौदा करणं हे काही मी शोधून काढलेलं नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतला जनावरांचा बाजार बघितलाय कधी? खिलार जोडीच्या गळ्यात किमतीची पाटी नसते. उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव होतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही, आणि जमला की दोघं चहाला जातात. तिथं जाऊन सांगा की हे सगळे पहिल्या पायरीलाच फसवतात. मी येतो सोबत, लांब उभा राहतो.

दूधवाला आणि हैदराबादवाला यांना वेगळे भाव सांगितले, हा तुमचा मुद्दा. सांगितले, कारण दोघांना विकत होतो त्या वस्तू वेगळ्या होत्या. दूधवाल्याला गाडी हवी होती. दोन्ही बाजूंना किटल्या लावायच्या, रोजची फेरी करायची, लिटरला सत्तरच्या पुढं मायलेज मिळालं की तो खुश. त्याला मूळचा टूलकिट, कंपनीचं मॅन्युअल, मी जपून ठेवलेला जास्तीचा इंजेक्शन पंप, यातलं काहीच नको होतं. हैदराबादवाल्याला ते सगळं हवं होतं, किंबहुना त्याचसाठी तो आला. त्याला सांगितले दीड लाख, तुटले एक चाळीसला. यात तोंड कुठं बघितलं?

तो आला तो सकाळच्या गाडीनं. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्यानं वाकून सिलिंडरवर तळहात ठेवला. इंजिन थंड आहे ना, मी आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना, हे बघायला. माझ्या मनातून तिथंच पाच हजार कमी झाले, कारण हा माणूस जाणणारा होता. मग खिशातून फडकं काढून रॉकेलमध्ये बुडवलं, हँडलखाली फ्रेमवरची माती पुसली, कागद ठेवून पेन्सिल घासली आणि चेसिस नंबरचा ठसा आरसीशी एकेक आकडा लावून बघितला. मडगार्डच्या पट्ट्यांना नखानं चाचपलं, कारण या इंजिनाच्या थरथरीनं आधी तडा तिथंच जातो. एका पट्टीला वेल्डिंग होतं, ते त्यानं मी सांगायच्या आधी शोधलं. शेवटी डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर धरून इंजिन सावकाश फिरवलं, लिव्हर सोडला आणि किक. चालू झाल्यावर सायलेन्सरमागं जाऊन धूर बघत बराच वेळ उभा. बोलला काहीच नाही. असा माणूस समोर असताना मी जाहिरातीत आकडा लिहिला होता की नव्हता, याला काय किंमत आहे सांगा.

मग दूधवाल्याला का दिली नाही, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं, कारण खरा प्रश्न तोच होता. त्यानं ऐंशीपासून सुरुवात करून नव्वदपर्यंत आणलं होतं, मी देणारच होतो. अडलं कागदावर. अर्धे पैसे आत्ता, अर्धे ऊस गेल्यावर, आणि "कागदं काय पळून चालल्यात व्हय, करू की नंतर." माणूस वाईट नव्हता. पण गाडी त्याच्या ताब्यात, नाव माझं, आणि रस्त्यात काही झालं तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलंय, ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, मग गाडी पुढं कितीही हातांत गेलेली असो. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९. घेणाऱ्याला तीस दिवस, फॉर्म ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळं होणारे मी खूप बघितलेत, त्यातले काही पुढं कोर्टाच्या पायऱ्या चढतानाही बघितलेत. हैदराबादवाल्याचा गुंता उलट जास्त होता. राज्याबाहेर जाणार म्हणून फॉर्म २८, आरटीओचं ना-हरकत पत्र म्हणजे एनओसी, तिकडची नोंदणी, तिकडचा कर. तरी तो म्हणाला, एनओसी हातात आल्याशिवाय गाडी हलवणार नाही. मला असा गिऱ्हाईक परवडतो.

एनओसीसाठी गेलो तेव्हा बुकात अजून कर्जाचा बोजा निघाला. वडिलांनी फेडून जमाना झाला होता, पण एचपी, म्हणजे बुकातली कर्जाची नोंद, कुणी काढलीच नव्हती. ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. तिथल्या साहेबांनी जुनी फाईल सापडेना म्हणून जे फिरवलं त्यावर वेगळा लेख होईल. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत गाडी अंगणातच होती.

लोभाचं म्हणाल तर त्यात फार शिरत नाही. यंदा नूतनीकरण आलं होतं, वीस वर्षांवरच्या दुचाकीला ती फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालीय. पर्यावरण कर वेगळा. नवी नंबरप्लेट ४५० अधिक जीएसटी. थर्ड पार्टी विमा १,३६६ अधिक जीएसटी. या आकड्यांनी एक चाळीस होत नाहीत हे मलाही कळतं, तुम्ही सांगायच्या आधी सांगतो. पण घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून, पेन्सिल घासून, स्वतःच्या खिशातून दिले. तक्रार त्याची नाही, तुमची आहे.

डीलरकडे द्यायला हवी होती, हे वाचून खरंच हसू आलं. एक्स्चेंजच्या काउंटरवर पोरगा टॅबमध्ये मॉडेल शोधतो, सापडत नाही, मग भंगाराचा भाव बोलतो. तीच गाडी पुढं कुठल्या भावाला जाते ते तुम्ही डीलरला विचारा. त्यालाही असंच खुलं पत्र लिहा, बघू तो किती उत्तर देतो.

बाकी 'भाषा जरा मवाळ करा' असं तुम्ही आधीच्या एका लेखाखालीही लिहिलं होतं, नाव तेच होतं म्हणून आठवलं. त्याचं उत्तर तेव्हा दिलं नव्हतं, आत्ताही देत नाही. प्रतिक्रियांमध्ये विजयपूरच्या एका वाचकानं इंजेक्शन पंपाबद्दल विचारलंय. तो गाडीबरोबर गेला. ग्रीव्हजच्या शेतीपंपाच्या इंजिनाचं काम करणारा कुणी गाठा, बरेच पार्ट त्यांच्याकडे मिळतात. नोझल मात्र चांगल्या डिझेलवाल्याकडे टेस्ट करून घ्या, बदलायची घाई नको.