पिल्टडाऊनवाला फॉरवर्ड अर्धाच खराय

सध्या एक मेसेज फिरतोय, की पिल्टडाऊन मानव (इंग्लंडातल्या पिल्टडाऊनला सापडला म्हणून सांगितलेला माणसाचा पूर्वज) खोटा निघाला म्हणजे माणसाच्या पूर्वजांचे सगळेच जीवाश्म बनावट आहेत आणि शास्त्रज्ञांनी हे दाबून ठेवलं. पहिला भाग खराय. 1912 मध्ये इंग्लंडात चार्ल्स डॉसनने आणलेली कवटी माणसाची होती, जबडा ओरांगउटान या वानराचा, दात कानशीने घासलेले आणि हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली, म्हणजे सरळसरळ फसवणूक होती ती.

पण हे उघड कोणी केलं? शास्त्रज्ञांनीच! जमिनीत पडलेलं हाड पाण्यातलं फ्लोरिन हळूहळू शोषून घेतं, केनेथ ओकलीने तेच मोजलं तर हाडं सांगितली तेवढी जुनी नव्हतीच, मग वायनर आणि ल ग्रो क्लार्कसोबत 1953 मध्ये त्यांनी सगळं जाहीर छापलं, लपवलं कुठे?

उशीर झाला हे मात्र मान्य करायलाच हवं, मूळ हाडं तपासायला सहज मिळत नव्हती. आणि खरं नुकसान झालं ते ‘टाँग बालका’चं, म्हणजे माणसाच्या पूर्वजांपैकी एका लहान मुलाच्या कवटीचं, रेमंड डार्टने 1925 मध्ये दक्षिण आफ्रिकेतली ही अस्सल कवटी मांडली तेव्हा ती पिल्टडाऊनशी जुळत नाही म्हणून अनेकांनी बाजूला सारली. पुढे आफ्रिकेत तसलेच जीवाश्म कितीतरी ठिकाणी, वेगवेगळ्या टीम्सना सापडले.