जुने कपडे देऊ नका

आज दुपारी मावशीकडे गेले होते. मावसभाऊ उद्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतोय. (त्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, लिही, फक्त नाव नको.) हॉलमध्ये बॅग भरणं चाललं होतं. बॅग कसली, साडीच्या दुकानात फुकट मिळालेली पिशवी, चेन तुटलेली. आत काय? कॉलर विरलेले दोन शर्ट, गुडघ्यांवर फुगलेली नाइट पँट, बगलेत भोकं पडलेले बनियन आणि फरशी पुसायला काढायचा म्हणून बाजूला ठेवलेला टॉवेल. मी म्हटलं, अगं मावशी, हे काय? मावशी गप्प. मामा सोफ्यावरून म्हणाले, "चांगले कपडे कशाला वाया घालवायचे? तिथं कोण बघायला बसलंय त्याला?"

आणि तो बाजूच्या खोलीत होता. दार उघडं. सगळं ऐकत होता.

माझं डोकं तेव्हापासून भणभणतंय.

याच मामांचं गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा नवा थर्मास आला, नव्या चादरी आल्या, मामींनी दोन नवे पायजमे शिवून घेतले. डबा कोण कधी नेणार यावरून चढाओढ लागली होती. आजार तो आजार. मग यकृताला सूज आलेला, सकाळी हात थरथरतात म्हणून चहाचा कप धरता न येणारा हा पोरगा कोण आहे? आरोपी?

आमच्या दादाच्या वेळी हेच झालं होतं. माझ्या जवळच्या सगळ्यांना ते दिवस माहीत आहेत. बाबा म्हणाले होते, जुनं काहीतरी भरून द्या, तिथं चोरीला जातं. आईनं काही न बोलता कपाट उघडलं आणि दादाचे दिवाळीतले शर्ट काढले. इस्त्री करायला बसली. म्हणाली, "तिथं रोज सकाळी सगळी गोल करून बसतात, आपलं आपलं बोलतात. चार माणसांत त्याला फाटक्यात बसवू का?" तिला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पण अगदी खरं होतं. तिथला दिवस आखलेला असतो. पहाटे उठायचं, आंघोळ, प्रार्थना, योगासनं, मग ग्रुप, समुपदेशन, पुन्हा ग्रुप. ज्या माणसानं आठ-आठ दिवस अंगावरचा शर्ट बदललेला नसतो, त्यानं रोज आंघोळ करून स्वच्छ कपडे घालणं हाही उपचाराचाच भाग आहे. तिथं तुम्ही त्याला पोतेरं घालायला देणार?

चोरीला जातात, अदलाबदल होते, हे मान्य. आमचेही दोन टॉवेल गेले. कपड्यांवर आतून नाव घाला, झालं.

पुण्यात सुनंदाताई आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पुल आणि सुनीताबाई पाठीशी उभे राहिले. गर्दमध्ये, म्हणजे ब्राउन शुगरच्या नशेत, अडकलेली पोरं तेव्हा पुण्यात वाढत होती आणि लोक त्यांना चोर-भामटे समजून हाकलत होते. त्या काळात सुनंदाताईंनी त्यांना माणसासारखं वागवायचं ठरवलं. मारहाण नाही, कोंडून घालणं नाही. जवळपास चाळीस वर्षं झाली त्याला. आणि आपण अजून "तिथं कोण बघतंय" वरच आहोत!

बरं, प्रेमाचं राहू द्या, कायद्याचं बोलू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. त्याच कायद्यात रुग्णाच्या सन्मानाबद्दल लिहिलंय, की त्याला हवं तर स्वतःचे कपडे घालायची सोय असली पाहिजे, संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादायचा नाही. सक्तीनं डोकं भादरायचं नाही, हेसुद्धा लिहिलंय. संसदेला वाटलं की या माणसाच्या अंगावर स्वतःचे धड कपडे असावेत. घरच्यांना वाटत नाही.

थोडं शांत होऊन कामाचं लिहिते. उद्या कुणाला तरी लागेलच.

बटणांचे शर्ट कमी, टी-शर्ट जास्त द्या. दारू सुटल्यावर पहिले काही दिवस हात इतके कापतात की काजात बटण जात नाही. दादा निघायच्या सकाळी आईनं इस्त्री केलेला तो निळ्या रेघांचा शर्ट घालून उभा होता आणि त्याला वरचं बटण लावता येत नव्हतं. बाबा त्याच्याशी कित्येक महिने बोलत नव्हते. ते उठले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि एकेक करून सगळी बटणं लावली. बोलले तेव्हाही नाहीत. असो. पँट इलास्टिकची द्या, बहुतेक ठिकाणी नाडी आणि पट्टा काढून घेतात. एक स्वेटर, चप्पल, साधे साबण. हे कपडे त्याला स्वतः धुवायचे असतात, तेव्हा पांढरे नकोत.

चष्मा! सगळे विसरतात. तिथं रोज लिहायचं-वाचायचं असतं. वही, दोन पेनं. मोबाईल जमा होतो, म्हणून घरचे नंबर कागदावर लिहून द्या, आजकाल कुणालाच पाठ नसतात. आधारकार्डाची झेरॉक्स, फोटो, जुने रिपोर्ट. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट तिथल्या सिस्टरांच्या हातात द्या, बॅगेत लपवू नका.

आणि सेंट, आफ्टरशेव्ह, माउथवॉश, सॅनिटायझर यातलं काही टाकू नका. त्यात अल्कोहोल असतं आणि तलफ आलेला माणूस काय पिईल याचा भरवसा नसतो. कफ सिरपही नको. केंद्रात बॅग तपासतात तेव्हा अपमान वाटून घेऊ नका. दादाच्या साबणाच्या डबीत तंबाखूची पुडी निघाली होती. तो केवढा चिडला! तिथला कार्यकर्ता हसला नाही की ओरडला नाही. पुडी बाजूला ठेवली, बाकीचे कपडे आईनं घातलेल्या घडीवर पुन्हा नीट घडी करून आत ठेवले आणि म्हणाला, "दादा, मीपण इथंच भरती झालो होतो." परक्या माणसानं त्या कपड्यांची घडी मोडू दिली नाही हो! आणि आपल्या घरात...

आणखी एक. "जायच्या आधी दोन दिवस घरातच कोंडून दारू तोडू" असला शहाणपणा करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मामा हेही सुचवत होते म्हणून लिहिलं.

मावशीवर माझा राग नाही. तिनं काय काय सोसलंय ते मी बघितलंय. पाटल्या गेल्या, गल्लीत मान खाली गेली, रात्र-रात्र दाराकडे बघत बसली. घरच्यांनी चिडायचं नाही तर कुणी चिडायचं? त्यांना तो हक्क आहे, पूर्ण आहे. पण तो राग त्या पिशवीत भरून त्याच्यासोबत पाठवू नका. पिशवी उघडणारा तो एकटाच असणार आहे, परक्या खोलीत, परक्या खाटेवर.

आणि ते "बंगलोरला ट्रेनिंगला गेलाय" बंद करा आता. गल्लीला सगळं माहीत असतं. त्याला गटारीतून उचलून आणणारी हीच गल्ली होती ना? मग बरा व्हायला जातोय हे पहाटे चारला, दिवे मालवून, गाडी कोपऱ्यावर उभी करून का? दादा सकाळी नऊला गेला. शेजारच्या काकू दारात आल्या, त्याच्या हातावर साखर ठेवली. आईनं कुणालाच खोटं सांगितलं नव्हतं.

आता कुणीतरी म्हणणारच, मग तुझा दादा तेवढ्यानं सुटला का? नाही सुटला. काही महिन्यांनी पुन्हा घेतली, पुन्हा जावं लागलं. चांगल्या शर्टानं दारू सुटत नाही, एवढं मलाही कळतं. पण दुसऱ्या वेळी त्यानं बॅग स्वतः भरली, कुणी न सांगता. तोच निळ्या रेघांचा शर्ट सगळ्यात वर ठेवला. पहिल्या वेळी आपल्याला फेकून दिलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं म्हणूनच परत जायला तयार झाला, असं मला वाटतं. मी ठाम आहे यावर, कुणी काही म्हणो.

तर मी ती पिशवी रिकामी केली. मामा रागावून निघून गेले, जाऊ देत. मावसभावाला बाहेर बोलावलं, म्हटलं, तूच भर, तुला काय हवं ते. तो बराच वेळ नुसता कपाटासमोर उभा राहिला. मग विचारलं, "ताई, लग्नातला कुर्ता नेला तर चालेल का?" म्हटलं, ने.

माझी प्रवासाची बॅग त्याला दिली आहे. आत्ता बाजारातून त्याच्यासाठी चार टी-शर्ट आणि दोन पँट घेऊन आले. मावशी अजून म्हणतेय, पहाटे लवकर निघू. मी गाडीवाल्याला नऊची वेळ दिली आहे. आमच्या गल्लीतले जे कुणी हे वाचत असतील त्यांनी खुशाल दारात या, त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि ज्यांच्या घरात हे चालू आहे आणि कुणाला विचारायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. मलाही मेसेज करा. रात्री कितीही वाजता.